एसटीने फायनलला

"आबा, या वेळी कोल्हापूरला गाडी न घेता जाऊ या का?"

हे वाक्य मी घरून पाठ करून आले होते. आबा खिडकीजवळ बसून वाटाणे सोलत होते. पुढची वाक्यंही तयार होती. हायवेवर काम चाललंय, पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही, फायनलच्या दिवशी पोलीस रस्ते बंद करतात. आबा चिडले तर काय बोलायचं, गप्प बसले तर काय, असं सगळं ठरवलं होतं.

"चालेल," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"चालेल म्हणजे? ट्रेनने?"

"ट्रेनने, एसटीने, कशानेही. मॅच बघायची आहे ना?"

माझे वडील डॉक्टर प्रतापराव इंगवले. डॉक्टर म्हणजे जनावरांचे. सगळी नोकरी त्यांनी सरकारी जीप चालवत केली होती. आजरा, चंदगड, पाटण, जिथे रस्ता संपेल तिथे. निवृत्त होऊन पुण्यात आले, आई गेली, तरी दर वर्षी कोल्हापूरच्या फुटबॉल फायनलला स्वतःच्या पांढऱ्या गाडीतून जायचे. तरुणपणी ते नंदीवाडा तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर होते. उड्या अशा मारायचे की सगळी पेठ त्यांना 'बोक्या' म्हणायची. गाडी चालवणं आणि फुटबॉल या दोनच गोष्टींत त्यांना कुणी काही शिकवलेलं खपत नसे.

त्यातली एक गोष्ट मला त्यांच्याकडून काढून घ्यायची होती. तीन आठवड्यांपूर्वी बिबवेवाडीच्या कोपऱ्यावर मी त्यांच्या शेजारी बसले होते. डावीकडून एक बाई कडेवर मूल घेऊन रस्ता ओलांडत होती. चांगली संथ, सरळ चालत होती. मी ओरडले तेव्हा आबांनी ब्रेक दाबला. गाडी तिच्या साडीला लागून थांबली. तिने बॉनेटवर हात आपटला, आबांकडे बघितलं, मूल छातीशी धरलं आणि निघून गेली.

"कुठून आली ही?" आबा एवढंच म्हणाले.

गाडीतून उतरल्यावर मी पाहिलं, गाडीच्या डाव्या अंगाला मागून पुढपर्यंत ओरखडे होते. काही जुने, काही नवे. बंगलोरला राहणारा माझा भाऊ रणजित फोनवर म्हणाला, "गाडी बंद कर त्यांची. आजच." त्याला तिकडून म्हणायला सोपं होतं. ज्या माणसाने मला वळणावळणाच्या घाटात गाडी शिकवली त्याला "तुम्ही आता चालवू नका" हे कसं सांगायचं, ते मला सुचत नव्हतं. मग मी ठरवलं, दोन दिवस गाडीशिवाय मजेत घालवायचे. मन प्रसन्न असेल तेव्हा, बहुतेक रंकाळ्यावर, विषय काढायचा.

आम्ही कागद घेऊन बसलो. शनिवारी दुपारची ट्रेन मी सुचवली. जेवून निघायचं, रात्री पोचायचं.

"नको, अंधार होतो," आबा म्हणाले. "सकाळची एसटी घेऊ. उजेडात पोचू."

"आबा, तुम्ही रात्री बारा वाजता आंबोली उतरून आलेले आहात."

"तेव्हा आलो असेन. आता एसटीने जाऊ."

परतीची गाडीसुद्धा त्यांनी रविवारी संध्याकाळची घेऊ दिली नाही. सोमवारी सकाळची घ्यायला लावली. मुक्काम आबांच्या जुन्या मित्राकडे, बळीकाकांकडे, शिवाजी पेठेत. तिथून स्टेडियम चालत जाण्यासारखं होतं. रंकाळ्यालाही पायीच जायचं, फार तर केएमटीची बस. रिक्षासुद्धा शक्यतो नको, असं मी म्हटलं आणि आबा हसले. म्हणाले, "झकास. दोन दिवस पायांना काम." मी माझ्या हुशारीवर खूश होते. इतक्या सहज सगळं जमेल असं वाटलं नव्हतं.

शनिवारी एसटीत त्यांनी खिडकी मला दिली. स्वतः उजवीकडे बसले. कोल्हापूरला उतरल्यावर आम्ही खरंच चालत निघालो. बिंदू चौक, भवानी मंडप, देवीचं बाहेरूनच दर्शन. आबा खुशीत होते. इथे कोण राहायचं, तिथे कोणाचं दुकान होतं, असं सांगत होते. फक्त रस्ता आला की माझा दंड धरायचे आणि मला आपल्या डाव्या हाताला घ्यायचे. मी एकदा सवयीने उजवीकडे गेले तर त्यांनी थांबून मला पुन्हा डावीकडे आणलं.

"लहान आहे का मी आता?" मी म्हटलं.

"गर्दी आहे," ते म्हणाले.

बळीकाका म्हणजे बळवंत साळोखे. आबांचे तालमीतले सोबती, बॅकला खेळायचे. आबा गोलमध्ये आणि हे त्यांच्या पुढ्यात, अशी त्यांनी कितीतरी वर्षं एकत्र काढलेली. दारातच त्यांनी आबांना मिठी मारली.

"गाडी कुठं लावलीस रं बोक्या?"

"आणलीच न्हाई. एसटीनं आलो."

"तू? एसटीनं?" बळीकाकांनी माझ्याकडे पाहिलं.

सुशीलाकाकू ओट्याजवळून म्हणाल्या, "आधी हातपाय धुवा. मी तांबडा रस्सा सकाळीच करून ठेवलो." कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असं म्हणतात. शाळेसाठी आईबरोबर पुण्यात वाढल्यामुळे मला ते लहानपणापासून गमतीचं वाटायचं. त्या दिवशी मात्र ते ऐकून आपल्या घरी आल्यासारखं वाटलं.

जेवताना आबांच्या डाव्या कोपराने तांब्या कलंडला. पाणी ताटाखालून सगळीकडे पसरलं.

"असू दे की, पाणीच हाय," काकू म्हणाल्या आणि फडकं घेऊन आल्या. बळीकाका मात्र जेवायचे थांबून आबांकडे बघत होते.

संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर गेलो. कणीस खाल्लं. वारं छान होतं, आबा जुन्या मॅचच्या गोष्टी सांगत होते. आता बोलावं म्हणून मी तोंड उघडलं आणि ते उठले.

"चल, निघू. दिवस मावळायला लागला."

"आबा, आत्ता तर मजा येते इथे."

"निघू या," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा होता की मी मुकाट्याने उठले. परतताना त्यांनी माझा दंड सोडलाच नाही.

रविवारी दुपारी आम्ही तिघं स्टेडियमवर गेलो. काकू म्हणाल्या, "मी टीव्हीवर बघतो," आणि घरीच राहिल्या. आमच्या नंदीवाड्यासमोर हिंदवीर मंडळ होतं. सिमेंटच्या पायऱ्या माणसांनी गच्च भरल्या होत्या. हलगी वाजत होती, एका बाजूला आमचे निळे झेंडे आणि पलीकडे हिंदवीरचे पिवळे. जुने खेळाडू म्हणून आबांना आणि बळीकाकांना मैदानाजवळ खाली जागा मिळाली. आबांनी मला डावीकडे बसवलं, बळीकाकांना उजवीकडे.

खेळ सुरू झाला आणि आबा एकदम तरुण झाले. "सोड, सोड! अरे बॉल सोड!" असं ओरडत होते. मी त्यांच्याकडेच जास्त बघत होते. आपण आज यांना काय सांगणार आहोत, ते मनात पुन्हा जुळवत होते.

हाफटाइमला थोडा वेळ होता. मागच्या पायरीवर शेंगदाणेवाला आला म्हणून मी उठले. पुड्या घेऊन वळले तेव्हा हिंदवीरच्या एका बॅकने आपल्या गोलसमोरून बॉल जीव खाऊन बाहेर मारला. तो आमच्या डावीकडून, खांद्याच्या उंचीने, सरळ आबांकडे आला. माझी जागा रिकामी होती, मधे कोणीच नव्हतं. आसपासची माणसं खाली वाकली. कोणी तरी ओरडलं.

आबा हलले नाहीत. ते समोर बघत हसत होते.

शेवटच्या क्षणी बळीकाका त्यांच्या अंगावरून आडवे झाले. बॉल त्यांच्या हातावर आदळला आणि उडून खाली गेला. आबा दचकले. काय झालं ते त्यांना कळलंच नव्हतं.

मागून कुणी तरी हसून म्हणालं, "काय बोकाकाका, म्हातारं झालासा की! आमचं वडील सांगायचं, तुम्ही बॉल सोडत न्हवता!"

आबाही हसले. हात वर करून त्यांनी त्या पोराला नमस्कार केला.

हाफटाइम झाली. माणसं पाय मोकळे करायला उठली. मी पुड्या हातात धरून तशीच उभी होते. बळीकाका आपला हात चोळत होते. त्यांनी आबांकडे तोंड केलं आणि हळू आवाजात विचारलं,

"बोक्या, तुला डाव्या बाजूचं दिसत न्हाई."

तो खरं म्हणजे प्रश्न नव्हताच.

आबांनी मैदानाकडे तोंड फिरवलं.

"न्हाई," ते म्हणाले.

"कधीपासनं?"

"दिवाळीपासनं कळायला लागलं. आधीपासनं असणार." मग ते माझ्याकडे वळले. माझ्याशी ते नेहमी पुणेरी बोलत, तेव्हाही तसंच बोलले. "नीलू, त्या बाईनंतर मी गाडीला हात लावलेला नाही."

मी खाली बसले. "पण तुम्ही तर परवा म्हणालात, मंडईत गाडीने गेलो होतो म्हणून."

"बसने गेलो होतो. भाजीची पिशवी घेऊन बसने येतो. गाडी सोसायटीत उभी आहे, वरती धूळ बसली आहे."

"मला का नाही सांगितलं?"

"तू काय केलं असतंस? डॉक्टरकडे नेलं असतंस."

"मग?"

बळीकाकाच म्हणाले, "अण्णांमुळं."

अण्णा म्हणजे आबांचे थोरले भाऊ. मी त्यांना पाहिलं ते आंधळेच पाहिलं होतं. गावच्या घरात भिंतीला हात लावून चालायचे. ते जन्मापासून तसे नव्हते, हे मला माहीत होतं. पण कशामुळे झाले, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"अण्णांचंही असंच सुरू झालं," आबा म्हणाले. "कडेकडेनं गेलं. मग आत आत येत गेलं. डॉक्टरनं नाव घेतलं की मग ते खरं होतं, नीलू. तोवर मला रोज सकाळी उठून वाटतं, आज जरा बरं दिसतंय." ते थांबले. "तू गाडी नको म्हणालीस तेव्हा इतकं बरं वाटलं. मला वाटत होतं, आता फायनलला जायचं तर काय कारण सांगायचं?"

मी आठवडाभर जी वाक्यं घोकत होते, त्यातलं एकही उरलं नव्हतं. रागही येत होता आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखंही वाटत होतं. रस्त्यावर आता कोणी मूल घेऊन चालत असेल तर माझ्या बापाच्या गाडीपासून त्याला भीती नव्हती. आणि हे त्यांनी कोणी न सांगता स्वतःच केलं होतं.

"आणि मी तुम्हाला गाडी बंद करा म्हणून सांगायला इथे आणलं," मी म्हटलं.

आबा बघत राहिले. मग त्यांना हसू आलं. मलाही आलं. ते हसू थांबेना. मागचे लोक आमच्याकडे बघायला लागले.

बळीकाका हसले नाहीत.

"गाडीचं झालं," ते म्हणाले. "डोळ्याचं काय? माणसं गाय मरायला टेकल्यावर आणायची, तेव्हा तू त्यांना काय शिव्या घालत होतास, आठवतंय का? चार दिवस आधी आणली असती तर वाचली असती, म्हणायचास. सुट्टीला मी असायचो की तुझ्याबरोबर जीपमधी."

आबांचं हसू गेलं.

"उद्या सकाळी जायाचं," बळीकाका म्हणाले. "माझ्या बायकूचं मोतीबिंदूचं जिथं केलं तिथं. बाई हाय डॉक्टर, चांगली हाय. एसटी दुपारची घ्या."

"मॅच संपू दे," आबा म्हणाले.

"मॅच संपू दे. पण उद्या."

"उद्या," आबा म्हणाले.

दुसऱ्या हाफमध्ये हिंदवीरने डावीकडच्या टोकाला गोल केला. आबांनी मला विचारलं, "कुणी मारला? कसा मारला?" आणि मी सांगितलं. आता त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मग पुढचा सगळा वेळ मी डावीकडचं सांगत होते आणि ते समोरचं बघत होते. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, त्यामुळे ते मधे मधे वैतागायचे. "अगं, आत आला म्हणजे कुठे आत?" आम्ही हरलो. बळीकाका रस्ताभर रेफरीला बोलत होते. काकूंनी दारातच विचारलं, "आणि काय झालं?" कारण आमची तोंडं हरलेल्या माणसांसारखी नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आबांच्या खोलीतूनही कूस बदलल्याचा आवाज येत होता.

डॉक्टर बाईंनी आधी थेंब घातले, डोळ्यातला दाब मोजला. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग आबांना एका अंधाऱ्या खोलीत नेलं. मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायला सांगितलं. आबांनी हनुवटी एका टेकणावर ठेवली, समोर पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारखं यंत्र होतं. एक डोळा झाकला. हातात बटण दिलं.

"समोरच बघायचं, आजोबा," तिथली मुलगी म्हणाली. "बाजूला कुठे बारीक उजेड दिसला की बटण दाबायचं. सगळे दिसायलाच पाहिजेत असं नाही."

मला ते उजेड दिसत नव्हते. फक्त बटणाचा आवाज येत होता. उजव्या डोळ्याच्या वेळी टक, टक, टक, असा चालला होता. मधेच थोडा थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मग डावा डोळा आला. टक. टक. मग काहीच नाही. यंत्र घुर्रघुर्र करत होतं, म्हणजे उजेड पडतच असणार. मी मनात म्हणत होते, दाबा, आबा, दाबा. किती तरी वेळाने एक टक ऐकू आलं. मी पदर तोंडात धरला होता.

बाहेर बळीकाका बाकावर बसले होते. सरकून आम्हाला जागा दिली.

आत बोलावल्यावर डॉक्टर बाईंनी छापलेली दोन चित्रं टेबलावर ठेवली. एकात कडेला थोडा काळा भाग होता, दुसऱ्यात बराच.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "घराण्यात कुणाला होता?"

"भावाला," आबा म्हणाले. "आंधळा झाला."

"त्यांनी औषध केलं होतं?"

"शेवटी शेवटी."

"म्हणून. आजोबा, डाव्या डोळ्याचं जे गेलं ते परत येणार नाही. ते मी खोटं सांगणार नाही. पण उजवा अजून खूप चांगला आहे. दाब थेंबांनी खाली येईल असं मला वाटतं. रोज, न चुकता घालायचे, आणि पुण्याला दाखवत राहायचं. तुम्ही वेळेत आलात."

"वेळेत?" आबांनी विचारलं.

"हो. आणखी वर्ष घालवलं असतंत तर मी असं म्हटलं नसतं."

"म्हणजे मी आंधळा नाही होणार?"

"थेंब घातलेत तर त्याची भीती फार कमी आहे. मात्र गाडी चालवायची नाही."

"ती सोडली मी," आबा म्हणाले, आणि असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे थोड्या ऐटीने पाहिलं.

बाहेर पडल्यावर ते दवाखान्याच्या पायरीवरच बसले. मला वाटलं चक्कर आली. मी वाकले तर ते रडत होते. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. बळीकाका शेजारी बसले, त्यांच्या पाठीवर हात ठेवून. येणारीजाणारी माणसं वळसा घालून जात होती.

"दिवाळीपासनं झोपलो न्हाई मी, बळ्या," आबा म्हणाले.

"व्हय, ते तोंडावर दिसतंयच," बळीकाका म्हणाले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आबांची उजव्या डोळ्याची नजर टिकली. थेंब घालायला ते कधी विसरत नाहीत, उलट मीच कधी त्यांच्याकडे राहिले तर मला मोठ्याने सांगून घालतात. पांढरी गाडी त्यांनी त्याच महिन्यात विकली आणि विकताना त्यांना काही वाईट वाटल्याचं मला तरी दिसलं नाही.

पण मला आठवते ती त्या दुपारची एसटी. सुशीलाकाकूंनी दिलेली दशम्यांची पुरचुंडी मांडीवर होती. कोल्हापूर सुटायच्या आत आबा झोपले, मान मागे टाकून, तोंड उघडं. कंडक्टरने तिकीट विचारलं तरी जागे झाले नाहीत. कऱ्हाडच्या जवळपास कधी तरी त्यांना जाग आली. त्यांनी डोळे चोळले, खिडकीतून बाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, मधे मधे दुकानं, धाबे, भिंती.

"समर्थ कृषी सेवा केंद्र," आबा म्हणाले.

मला कळलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"येथे ट्रॅक्टरची कामे केली जातील," ते म्हणाले. "हॉटेल शिवनेरी, शुद्ध शाकाहारी. चिरंजीव संकेत यास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

ते रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते. एकामागून एक, येईल ती, मोठ्याने. पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं. मी तिला हाताने खूण केली, वाचू देत म्हणून.